मुलांचे विश्वस्त

मुंबईच्या उपनगरांत मुलांसाठी बालगृह, बालवाडी किंवा अभ्यासिका चालविणाऱ्या संस्थेचे विश्वस्तमंडळ कसे बनते, हे सर्वांना ठाऊक आहे. एक दाता, एक निवृत्त अधिकारी, एक डॉक्टर, एखादे माजी नगरसेवक आणि या सर्वांची मोट बांधणारा एक कार्यकर्ता. मंडळ वर्षातून दोनदा भरते, चहा होतो, अहवाल मंजूर होतो. यात दुष्ट हेतू क्वचितच असतो. दोष आहे तो विश्वस्तपद हा मान आहे, या समजुतीचा.

सहकारी संस्थेत सभासद संचालकांना पाडू शकतो. कामगार संघटनेत कामगार नेतृत्व बदलू शकतो. दुकानदाराने फसविले तर गिऱ्हाईक पलीकडच्या दुकानात जाते. बालगृहातील मुलाला यातले काहीच उपलब्ध नाही. त्याला मत नाही आणि बाहेरची वाटही नाही. पैसा देतो तो दाता. पण त्या पैशातून मिळालेले जेवण दाता जेवत नाही. अशा व्यवस्थेत मुलाच्या वतीने जाब विचारणारा एकच माणूस उरतो, तो विश्वस्त. तोच कौतुकात रमला तर जाब विचारायचा कोणी?

नावे मोठी असली म्हणजे भागते, हा दुसरा भ्रम. चिल्ड्रन्स एड सोसायटी ही १९२७ साली स्थापन झालेली, मानखुर्दला मुलांच्या संस्था चालविणारी जुनी संस्था. १९८६ साली तिचे पदसिद्ध अध्यक्ष राज्याचे मुख्यमंत्री आणि उपाध्यक्ष समाजकल्याणमंत्री होते. तरीही तिच्या निरीक्षणगृहांतील मुलांचा प्रश्न न्यायालयापुढे मांडण्यासाठी शीला बर्से या पत्रकार महिलेला झगडावे लागले. डिसेंबर १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की ही संस्था राज्यसंस्थेचेच अंग मानली पाहिजे आणि संविधानाच्या २१ व २४ या अनुच्छेदांना धरूनच तिने कारभार केला पाहिजे. मुलांना निरीक्षणगृहात फार काळ ठेवू नये, असेही न्यायालयाने बजावले. जे मंडळातल्या कोणी विचारायला हवे होते, ते बाहेरच्या व्यक्तीला विचारावे लागले.

१९५० चा सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायदा विश्वस्ताकडून विद्वत्तेची अपेक्षा करीत नाही, हिशेबाची करतो. हिशेब सादर करण्यात वारंवार कसूर, निधीचा अपहार, संस्थेच्या हिताविरुद्ध भूमिका या कारणांवरून कलम ४१ड खाली धर्मादाय आयुक्त विश्वस्ताला दूर करू शकतात. स्थावर मालमत्ता विकावयाची किंवा इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाडेपट्ट्याने द्यावयाची, तर कलम ३६ प्रमाणे त्यांची पूर्वपरवानगी लागते. अंधेरी-घाटकोपरमध्ये आज या कलमाला फार अर्थ आहे. पन्नास वर्षांपूर्वी कोणा भाविकाने दिलेल्या भूखंडावर आता मुलांपेक्षा पुनर्विकासवाल्यांचीच नजर अधिक. अशा वेळी बांधकाम व्यावसायिकाचा भागीदार मंडळावर असेल, तर तो कितीही सज्जन असो, त्या विषयावर त्याने बैठकीतून उठून गेले पाहिजे.

मुलांच्या बाबतीत कायदा याहून कडक आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे बालगृहाची नोंदणी अनिवार्य आहे. बालकांचे लैंगिक शोषण रोखणाऱ्या २०१२ च्या कायद्याप्रमाणे अपराधाची माहिती पोलिसांना न देणे हाच गुन्हा ठरतो. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा अपराध दडविल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ‘संस्थेचे नाव जाईल’ हे कारण तेथे चालत नाही. मंडळाच्या बैठकीत मात्र हेच वाक्य सर्वांत आधी उच्चारले जाते.

मग पात्र कोण? ज्याला ताळेबंद वाचता येतो, निदान समजेपर्यंत विचारण्याचा संकोच वाटत नाही, तो. जो न कळवता जेवणाच्या वेळी बालगृहात जातो आणि अधीक्षकाला दूर ठेवून मुलांशी बोलतो, तो. संस्थापकाचा मुलगा किंवा सून एवढ्याच नात्याने आलेली व्यक्ती नव्हे. संस्थापक स्वतःदेखील तहहयात असू नये. ज्याने संस्था वाढविली त्याच्याविषयीच प्रश्न विचारणे इतरांना सर्वांत जड जाते.

समाजवादी कार्यकर्त्यांनाही हे लागू आहे. चार-पाच संस्थांच्या पत्रिकांवर ज्यांची नावे छापली जातात, त्यांनी येत्या ३१ मार्चपूर्वी प्रत्येक संस्थेचा हिशेब मागवून वाचावा. जेथे तेवढाही वेळ देता येत नसेल, तेथील राजीनामा लिहून द्यावा आणि मंडळातील बदलाचा अहवाल नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात गेला की नाही, हेही पाहावे.