नवागताचा धनादेश

अमेरिकेच्या नागरिकत्व व स्थलांतर सेवा विभागाने २८ ऑक्टोबर २०२५ पासून टपालाने येणाऱ्या अर्जांसोबतचे धनादेश आणि मनिऑर्डरी स्वीकारणे बंद केले. अर्जाचे शुल्क कार्डाने भरावे किंवा अमेरिकेतील बँकेच्या खात्यातून परस्पर वळते करू द्यावे, असा नवा दंडक आहे. वरकरणी ही बाब केवळ कारकुनी स्वरूपाची वाटते. परंतु राज्याच्या दारात उभ्या असलेल्या नवागताकडून शुल्क घेण्याचा अधिकार मान्य केला, तरी ते कोणत्या साधनाने घ्यावयाचे हा प्रश्न निव्वळ हिशेबखात्याचा राहत नाही. शुल्काचा आकडा किती पैसे लागतील ते सांगतो. शुल्क भरण्याची रीत मात्र अर्ज कोणाला करता येईल हे ठरविते. महाराष्ट्रातून अमेरिकेत गेलेली आणि जाऊ पाहणारी कुटुंबे लक्षात घेता, या प्रश्नाचा विचार येथेही व्हावयास हवा.

आजवरच्या पद्धतीचे स्वरूप प्रथम पाहिले पाहिजे. नवागताच्या हाती पडणारे अमेरिकी चेकबुक हे त्याच्या नव्या आयुष्यातील पहिले परीक्षापत्रच असे. भारतात दिवस आधी आणि महिना नंतर लिहिण्याची सवय. अमेरिकेत त्याच्या उलट. त्यामुळे चार मार्चला लिहिलेला धनादेश तीन एप्रिलचा, म्हणजे पुढल्या तारखेचा ठरण्याची भीती. रक्कम अंकांत व अक्षरांत जुळली पाहिजे आणि सेंट शंभराच्या अपूर्णांकात दाखविले पाहिजेत. कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा मारून धनादेश सुरक्षित करण्याची आपली रीत तिकडे रूढ नाही. ज्याच्या नावे पैसे द्यावयाचे त्या गृहसुरक्षा खात्याचे नाव संपूर्ण लिहावे, आद्याक्षरे वापरू नयेत, अशी स्पष्ट सूचना असे. प्रत्येक अर्जासाठी धनादेश स्वतंत्र जोडावा लागे. त्यामुळे चौघांच्या कुटुंबाने कायम वास्तव्याचा, नोकरीच्या परवान्याचा आणि प्रवासाच्या परवान्याचा अर्ज एकत्र केला, की धनादेशांची चळतच तयार होई. एखाद्या अर्जाची रक्कम चुकली, की तो अर्ज परत येई.

हा कटकटीचा मार्ग असला, तरी त्याला एक मोल होते. धनादेश वटल्यावर बँक त्याची प्रतिमा खातेदारास दाखवी आणि तिच्या पाठीवर अर्जाचा पावती क्रमांक छापलेला असे. सरकारी पोचपावती टपालाने येण्याआधीच आपला अर्ज दाखल झाला, ही खबर असंख्य नवागतांना त्या पाठकोऱ्या बाजूवरून मिळे. शिवाय बँकेत खाते नसलेल्याला मनिऑर्डरचा आधार होता. टपाल कार्यालयात रोख पैसे मोजावेत, मनिऑर्डर विकत घ्यावी आणि अर्जासोबत पाठवावी. अमेरिकेच्या टपालखात्याने १८६४ साली, यादवी युद्धाच्या काळात, मनिऑर्डर सुरू केली. आपल्याकडेही मुंबईच्या गिरणगावातून कोकणातल्या घरी गेलेल्या मनिऑर्डरींवर कित्येक चुली पेटत राहिल्या. ज्याला बँकेने ओळख दिलेली नाही, त्याच्याही पैशाला सरकारदरबारी किंमत आहे, अशी ग्वाही या साध्या कागदात होती. ती ग्वाही आता काढून घेतली गेली आहे.

शासनाची बाजू दुर्बळ आहे, असे म्हणता येणार नाही. २५ मार्च २०२५ रोजी राष्ट्राध्यक्षांनी काढलेल्या आदेशाने केंद्र सरकारची देणी-घेणी कागदी धनादेशांकडून इलेक्ट्रॉनिक पद्धतीकडे नेण्याचे ठरले. सरकारी तिजोरीचे धनादेश हरवण्याचे, चोरीस जाण्याचे, परत येण्याचे किंवा त्यांत फेरफार होण्याचे प्रमाण इलेक्ट्रॉनिक भरण्याच्या सोळापट आहे, असे कारण त्या आदेशात नमूद आहे. आपल्याकडे येणाऱ्या भरण्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक धनादेश व मनिऑर्डरींच्या रूपाने येतात आणि त्यामुळे कामास विलंब होतो, असे स्थलांतर विभागाचेही म्हणणे आहे. कागदाचे ढीग उपसणाऱ्या कर्मचाऱ्याचे श्रम वाचावेत आणि अर्जदाराचा धनादेश टपालात गहाळ होऊ नये, या हेतूंना कोणी हरकत घेणार नाही. तथापि ज्या मार्गाने नव्वद टक्क्यांहून अधिक लोक येत होते, तो ऑगस्टच्या अखेरीस घोषणा करून दोन महिन्यांत बंद करणे, ही सुधारणेची समजूतदार रीत म्हणता येईल काय? शुल्काचा दर बदलावयाचा तर नियमाचा मसुदा प्रसिद्ध करून लोकांची मते मागवावी लागतात. शुल्क भरण्याचे साधन बदलताना मात्र तेवढा सोपस्कारही झाला नाही.

नव्या व्यवस्थेत नवागताची अडचण नेमकी कोठे आहे? कार्डाने पैसे भरावयाचे तर ते अमेरिकेतील बँकेचे हवे. उधारीवर चालणारे कार्ड मिळवावयाचे तर पतीचा इतिहास लागतो, आणि भारतात वीस वर्षे इमानेइतबारे कर्जफेड केलेल्या माणसाचीही पत तेथे सामान्यतः शून्यापासून सुरू होते. अनामत ठेवून मिळणाऱ्या पहिल्या कार्डाची मर्यादा बहुधा काही शे डॉलरची असते. कायम वास्तव्याच्या अर्जाचे शुल्क १ एप्रिल २०२४ पासूनच्या दरपत्रकानुसार १,४४० डॉलर आहे. नागरिकत्वाच्या कागदी अर्जाचे ७६० डॉलर आहे. एवढी रक्कम नव्या कार्डावर एकदम पडली, तर संशयावरून बँकच ती अडवू शकते. न वटलेला धनादेश विभाग पुन्हा एकदा बँकेकडे पाठवीत असे. नाकारले गेलेले कार्ड मात्र तो दुसऱ्यांदा चालवून पाहत नाही, आणि अर्ज परत येऊ शकतो.

अर्ज परत येणे म्हणजे केवळ टपालखर्चाचा भुर्दंड नव्हे. नोकरीवर आधारलेल्या कायम वास्तव्याच्या परवान्यांत कोणत्याही एका देशाच्या वाट्याला वर्षाला साधारणपणे सात टक्केच येतात; त्यामुळे भारतात जन्मलेल्यांची रांग वर्षानुवर्षांची झाली आहे. आपली तारीख आली की त्या महिन्यात अर्ज दाखल करावा लागतो, कारण पुढल्या महिन्यात ती तारीख पुन्हा मागे सरकू शकते. अशा वेळी शुल्काच्या घोटाळ्याने परत आलेले पाकीट कुटुंबाला पुन्हा काही वर्षे थांबावयास लावू शकते. त्यातच एखादा मुलगा वा मुलगी एकवीस वर्षे पूर्ण करण्याच्या बेतात असेल, तर आईबापांच्या अर्जातील आश्रित म्हणून असलेला त्याचा हक्कही संकटात येतो. विद्यापीठातील शिक्षण संपवून प्रशिक्षणार्थ नोकरीची परवानगी मागणाऱ्या विद्यार्थ्यालाही मुदतीचे असेच बंधन आहे. त्याला निदान घरबसल्या संगणकावर अर्ज करून शुल्क भरण्याची सोय आहे. सर्वच अर्जांना ती नाही.

यात आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. एच-१बी परवान्यावर नोकरीस गेलेल्या पतीबरोबर एच-४ प्रवेशपत्रावर गेलेल्या पत्नीला, काम करण्याची परवानगी नसेपर्यंत, सामाजिक सुरक्षा क्रमांक सहसा मिळत नाही. या क्रमांकाविना, पारपत्राच्या आधारे, बँकेस खाते उघडता येते. कायद्याची त्यास आडकाठी नाही. परंतु ते उघडावयाचे की नाही हे ज्या-त्या बँकेच्या मर्जीवर असते. मे २०१५ पासून अशा काही पत्नींना नोकरीची परवानगी मागता येते. टपालाने केलेल्या त्या अर्जाचे शुल्क ५२० डॉलर आहे. म्हणजे स्वतःच्या पायांवर उभे राहण्याचा अर्ज करावयाचा, तर शुल्क बहुधा पतीच्या खात्यातून जाणार आणि खातेदार म्हणून संमतीची सही त्याची असणार. संसार सलोख्याचा असेल तर यात काही वावगे वाटत नाही. तो तसा नसेल, तर ज्या सहीतून सुटावयाचे तीच सही सुटकेच्या अर्जावर मागावी लागते. साठविलेल्या पैशांची मनिऑर्डर स्वतः जाऊन विकत घेण्याची वाट अशा स्त्रीला कालपर्यंत मोकळी होती.

मध्यमवर्गीय, सुशिक्षित नवागताची ही कथा, तर आश्रय मागणाऱ्याची काय असेल? आश्रयाच्या अर्जाला अमेरिकेत प्रत्यक्षात शुल्क पडत नसे. ४ जुलै २०२५ रोजी झालेल्या कायद्याने त्यावर १०० डॉलरचे शुल्क बसविले आणि अर्ज प्रलंबित राहील तितकी वर्षे दरसालचे निराळे शुल्कही लावले. अर्ज केल्यानंतर कित्येक महिने या माणसाला काम करण्याची मुभा नसते. ज्याला कमावण्याची परवानगी नाही, त्याने कमावत्या माणसाच्या साधनाने शुल्क भरावे, अशी ही अपेक्षा आहे. अमेरिकेच्या ठेवविमा महामंडळाच्या २०२३ सालच्या पाहणीत त्या देशातील ४.२ टक्के, म्हणजे सुमारे ५६ लाख कुटुंबांचे कोणत्याही बँकेत खाते नसल्याचे आढळले. श्रीमंत देशातल्या स्थिरस्थावर समाजाची ही स्थिती. मग नुकत्याच उतरलेल्यांविषयी काय सांगावे? बँकेची सोयच ज्यांना उपलब्ध नाही त्यांच्यासाठी विभागाने अपवाद ठेवला आहे, हे खरे. पण तो मिळविण्यासाठीही एक नवा नमुना भरून, त्यात आपली अडचण मांडून, तो मान्य होण्याची वाट पाहावी लागते. जी वाट कालपर्यंत हक्काची होती, ती आज विनंतीची झाली.

इतिहासाकडे पाहिले तर हा प्रवास लक्षणीय वाटतो. १८८२ च्या कायद्याने अमेरिकेने परदेशाहून येणाऱ्या प्रत्येक उतारूमागे ५० सेंटचा कर बसविला. तो जहाजाच्या मालकाकडून वसूल होई. १९०७ मध्ये तो चार डॉलर आणि १९१७ मध्ये आठ डॉलर झाला. बंदरात उतरणाऱ्या शेतकऱ्याला खाते आहे काय, हे सरकारने विचारले नाही. पुढे १९८८ साली अमेरिकी संसदेने अर्जशुल्कांचे स्वतंत्र खाते निर्माण केले आणि आज या विभागाचा नव्वद टक्क्यांहून अधिक खर्च अर्जदारांच्या शुल्कातूनच भागतो. याचा अर्थ उघड आहे. या कचेरीतील दिवाबत्तीपासून अधिकाऱ्यांच्या वेतनापर्यंतचा भार तेथील करदात्यांवर नव्हे, प्रामुख्याने अर्जदारांवर आहे. जो खर्च सोसतो, त्याच्या सोयीचा विचार सर्वांत शेवटी व्हावा, हे न्यायाला धरून नाही.

यावर उपाय दुर्लभ नाही. अमेरिकेच्याच करखात्याने २०१६ साली गल्लीतल्या दुकानांतून रोखीने कर भरण्याची सोय सुरू केली. दुकानदार रोख घेतो आणि खात्याकडे ती रक्कम इलेक्ट्रॉनिक मार्गानेच पोचते. धनादेशाचा कागदही वाचला आणि खाते नसलेला माणूसही वंचित राहिला नाही. स्थलांतर विभागास अशी व्यवस्था करण्यास तांत्रिक अडचण दिसत नाही. तसेच भरणा फसल्यास अर्ज परत न धाडता काही दिवसांची मुदत द्यावी आणि त्या मुदतीत पैसे भरले तर मूळची दाखल तारीखच ग्राह्य धरावी. चूक बँकेच्या यंत्राची आणि शिक्षा माणसाच्या आयुष्याची, असा विपरीत न्याय तरी त्यामुळे टळेल. अमेरिकेतील महाराष्ट्र मंडळांनीही सणसमारंभांच्या जोडीने एवढे करावे: नव्याने आलेल्या कुटुंबाला, विशेषतः त्यातील स्त्रीला, पहिल्याच महिन्यात स्वतःच्या नावाचे खाते उघडून देण्यास साहाय्य करावे.

या प्रश्नाचे प्रतिबिंब आपल्या अंगणातही पडलेले आहे. परीक्षेचे शुल्क बँकेच्या खिडकीवर चलनाने भरणारा खेड्यातील विद्यार्थी आज संगणकापुढे बसतो. मध्येच यंत्र अडते, खात्यातून पैसे जातात आणि अर्ज मात्र अपूर्ण राहतो; अखेरच्या दिवशी त्याची दाद कोणाकडे मागावी हे त्याला कळत नाही. साधने बदलणारच, आणि ती बदलावीतही. परंतु सरकारी खिडकीचा धर्म असा, की तिच्यासमोर आलेल्या शेवटच्या माणसापर्यंत ती उघडी राहिली पाहिजे. नवागत हा व्याख्येनेच असा माणूस आहे, की ज्याचे अद्याप काहीच बस्तान बसलेले नाही. बस्तान बसविण्याच्या परवानगीसाठी आधी बसलेल्या बस्तानाचा पुरावा मागणे, हे त्याच्या तोंडावर दार लावून घेण्याचेच एक सभ्य नाव होय.