विश्लेषण : जुन्या गाडीला ‘मूळ’ सुटे भागच का हवेत?

कुर्ल्याच्या कारखान्यातील प्रीमिअर पद्मिनीचे उत्पादन थांबून दोन दशके उलटली. त्यामुळे नाशिकमध्ये अशी गाडी पुन्हा उभी करायची तर सुटे भाग जुन्या बाजारातून किंवा भंगारातल्या गाडीतून मिळवावे लागतात. बुश, पिन सातपूर-अंबडमधील लेथवर घडवता येतात. इंजिन, चॅसी आणि बॉडीचे तसे नाही. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या खासगी दुचाकी-चारचाकीला ‘व्हीए’ मालिकेतील क्रमांक मिळतो. पण या तिन्हींत मोठा फेरबदल झालेला नसावा. भाग मिळेना म्हणून दुसरेच इंजिन बसवले, तर गाडी धावेल. ‘विंटेज’ दर्जा मात्र हुकू शकतो. म्हणूनच जुनी गाडी घेताना रंगाआधी इंजिन-चॅसी क्रमांक आरसीशी जुळतात का, हे पाहावे.