काकांची फाइल

गेल्या भाऊबीजेला काकूंनी माझ्या हातावर चकलीऐवजी एक पेन ड्राइव्ह ठेवला. "तुझ्या काकांनी पानशेतच्या पुराच्या आठवणी लिहिल्यात यात. तू मराठीचा प्राध्यापक ना? वाच बरं."

१२ जुलै १९६१ ला धरण फुटले तेव्हा काका शाळकरी, शनिवारात राहणारे. निवृत्तीनंतर, वीसेक वर्षांपूर्वी, त्यांनी ते सारे टंकले. मी फाइल उघडली, तर मराठीचे नाव नाही! रोमन अक्षरे, कंस आणि टक्क्यांची चिन्हे. काकूंचा चेहरा उतरला. "गेलं का रे सगळं?"

वाचकहो, गेले नव्हते. जुन्या पुष्कळ मराठी फॉन्टांची रीत अशी, की यंत्र आत रोमन अक्षरांचे क्रमांक साठवी आणि फॉन्ट त्यांना मराठी मुखवटा चढवी. फॉन्ट नाही, की मुखवटा गळाला! १९९१ मध्ये आलेल्या युनिकोडने 'क'ला स्वतःचा क्रमांक दिला, २३२५. मग फॉन्ट कोणताही असो. मोडी कागद आपल्याला वाचता आला नाही, म्हणून काही तो कोरा ठरत नाही, तसेच हे.

तेव्हा असे झाल्यास प्रथम फाइलची प्रत काढा. मूळ फाइल 'सेव्ह' करू नका. फॉन्टच्या चौकटीत जुन्या फॉन्टचे नाव बहुधा दिसते. तो मिळवून बसवा, किंवा त्याच फॉन्टसाठी असलेल्या साधनाने मजकूर युनिकोडमध्ये आणा. साध्या टेक्स्ट फाइलीत डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए' ठायीठायी दिसला, तर दुखणे निराळे: मजकूर बहुधा युनिकोडच आहे, उघडण्याची रीत चुकली. पुन्हा उघडताना एन्कोडिंगच्या यादीतून 'यूटीएफ-८' निवडा.

आमचे दुखणे पहिले होते. रूपांतरात ऱ्हस्व वेलांट्या आणि रफार जागा चुकले. उत्तरपत्रिकांच्या सवयीने ते मी हाताने दुरुस्त केले आणि वाचू लागलो. पुराच्या पाण्यावर आजीची परात तरंगत चालली होती.

काकू बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ही परात त्यांनी मला शंभरदा सांगितली, आणि शंभरदा मी 'पुरे' म्हटलं. पुन्हा वाच रे एकदा."

चकल्या तशाच राहिल्या.