ओव्हरहॉलिंगच्या आधी

घरातली जुनी सायकल हाती आली की आपण ती थेट रंगाऱ्याकडे नेतो. नवा रंग, नवे मडगार्ड, चकचकीत हँडल. आणि वर म्हणतो, ‘सायकल जिवंत केली!’ माझ्या मते आपण तिची ओळखच पुसून टाकलेली असते.

नॉटिंगहॅमच्या रॅले सायकलचे उदाहरण घेऊ. तिची ओळख पटवायची तर आधी रॉकेलची चिंधी घ्यावी, पॉलिशपेपर नव्हे. पुढच्या बिल्ल्यावर बगळ्याचे मुंडके असते. अनेक मॉडेलांच्या चेनव्हीलमध्येही बगळेच कापलेले असतात. मागचे हब स्टर्मी-आर्चरचे, तीन गियरचे असेल तर त्यावर बहुधा वर्ष-महिना ठोकलेला सापडतो : ‘६२ ३’ म्हणजे मार्च १९६२. अर्थात हे वय हबचे. चाक मागाहून बदललेले असू शकते. म्हणून फ्रेमचा नंबरही ताडून पाहावा. आणि नेमका हाच नंबर नव्या रंगाच्या थरांखाली बुजतो.

मूळ भागांचा आग्रह हा नुसता शौक नव्हे. रॅलेच्या बऱ्याच जुन्या फ्रेमना पायडलच्या अ‍ॅक्सलच्या कपाचे आटे इंचाला २६ असतात. बाजारातला नेहमीचा कप २४ आट्यांचा. तो जबरदस्तीने बसवला की फ्रेमचेच आटे जातात.

टायर, ब्रेकची रबरे झिजण्यासाठीच असतात. ती खुशाल नवी घालावीत, कारण सायकल चालली पाहिजे. पण मूळ रंग एकदा खरवडला की परत मिळत नाही. अस्सल कागद आणि नक्कल यांतला भेद आपण इतिहासाच्या तासाला शिकतो. तो सायकल स्टँडवरही पाळावा, एवढेच म्हणणे.