नेटच्या पेटीची किल्ली कुणाकडं?

नेट बंद पडलं की आपण लगेच म्हणतो, "जेसीबीनं केबल तोडली असंल." अंकुशनगरपासून अंबडपर्यंत कुठं ना कुठं खोदकाम चालूच, त्यामुळं ते खरंही असतं. पण भारतनेट आलेल्या ग्रामपंचायतीतली ती पेटी कधी बघितलीय का? बाहेरून आलेली फायबर तिथंच जोडतात आणि पुढं वाटतात.

आतली काच १२५ मायक्रॉन, साधारण केसाएवढी. त्यातही उजेड धावतो तो ९ मायक्रॉनच्या गाभ्यातून. जास्त दुमडली की उजेड बाहेर सांडतो, टोकाला धूळ बसली की सिग्नल पडतो. म्हणून तर पेटीत गोल वळणाचे ट्रे आणि टोकांना टोपणं असतात.

तारांचे रंग ठरलेले: निळा, नारंगी, हिरवा, तपकिरी. पण कुठली तार शाळेची, कुठली दवाखान्याची, ते रंगावरून कळत नाही. चिठ्ठी लावावी लागते. चिठ्ठी नसली की नवा माणूस चालू तारच उपटतो!

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रानं सुधारित भारतनेटला १,३९,५७९ कोटी मंजूर केले. गावं रिंगमध्ये जोडायची, एका बाजूनं तुटलं तरी दुसरीकडून चालावं. चांगलंच आहे. पण गावात दोन्ही बाजू येणार शेवटी पेटीतच ना?

माझं म्हणणं एवढंच, पुढच्या ग्रामसभेत मागा: पेटीला कुलूप, प्रत्येक तारेला चिठ्ठी, जोडणीच्या नकाशाची एक प्रत ग्रामपंचायतीत. आणि किल्ली कुणाकडं, तेही ठरावात लिहून घ्या.