‘बदलून बघू साहेब!’

गाडीच्या एसीतला गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. हे वाक्य खरं तर प्रत्येक गॅरेजच्या दारावर, लिंबू-मिरचीच्या शेजारी टांगायला हवं. एसी हे बंद चक्र आहे. कॉम्प्रेसर गॅस दाबतो, पुढच्या जाळीमागचा कंडेन्सर त्याची उष्णता बाहेर टाकून त्याचा द्रव करतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून तो डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये सुटतो, तिथे उकळतो, केबिनमधली उष्णता शोषतो आणि परत कॉम्प्रेसरकडे येतो. तोच गॅस, वर्षानुवर्षं! रबरी पाइप आणि सीलमधून थोडासा पाझरतो, मान्य. पण दर उन्हाळ्यात “गॅस कमी झालाय, भरून टाकू” ऐकू येत असेल, तर दोनच शक्यता. गळती आहे आणि ती कुणी शोधली नाही, किंवा गॅस कमी नव्हताच आणि कुणी मोजला नाही. दोन्हीत बिल मात्र तुमचंच.

आता गंमत बघा. हिंजवडीत नाहीतर ऐरोलीत बसून आपण दिवसभर करतो काय? प्रॉडक्शन पडलं आणि कुणी म्हणालं “सर्व्हर बदलून बघू”, तर त्याला आपण मीटिंगमधून उठवू. आधी लॉग काढा, कुठपर्यंत सगळं ठीक आहे ते बघा, मग बोला. तीच मंडळी शनिवारी सकाळी सर्व्हिस सेंटरला एसयूव्ही घेऊन जातात, समोरचा म्हणतो “कॉम्प्रेसर बदलून बघू साहेब”, आणि आपण मान डोलावतो. का? गाडीतल्या विजेला ओहमचा नियम लागू नाही की काय?

माझ्या एका सहकाऱ्याची सात सीटर एसयूव्ही. एसी एक्स्प्रेसवेवर झकास गार, सिग्नलला थांबलं की गरम हवा. एका ठिकाणी गॅस भरून झाला. फरक शून्य. मग कॉम्प्रेसर आणि कूलिंग कॉइलचं चाळीस हजारांच्या वरचं एस्टिमेट आलं. आता लक्षणच काय सांगतंय ते ऐका. गाडी पळते तेव्हा कंडेन्सरवर वारा आपोआप लागतो. उभी राहिली की तो वारा पंख्याने द्यायचा असतो. म्हणजे पहिला संशय पंख्यावर! बॉनेट उघडून एसी चालू केला, पंखा ढिम्म. पंख्याच्या प्लगवर बारा व्होल्ट येत होते, पण अर्थची वायर बॉडीला जोडते तिथे गंज. घासून, बोल्ट आवळून काम संपलं. नवीन कॉम्प्रेसर बसवला असता तरी सिग्नलला गरमच हवा आली असती. आणि वरून जास्तीचा गॅस भरल्यावर तर दाब आणखी चढतो, प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करतो, आणि आजार वाढतो.

“पण आम्ही गेज लावून बघतो ना!” हो, लावतात. पण इंजिन बंद असताना ३० अंश तापमानाला आर-१३४ए गॅसचा दाब साधारण ९५ ते १०० पीएसआय असतो, आणि सिस्टिममध्ये थोडा जरी द्रव शिल्लक असेल तरी तो तेवढाच राहतो. काटा खाली पडलेला असेल तर गळती नक्की, पण काटा जागेवर आहे म्हणून गॅस पुरेसा आहे असं होत नाही. खरा हिशोब एकच: मशीनने गॅस काढून घ्या, वजन करा, आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या ग्रॅमशी ताडून बघा. इतकं साधं आहे.

स्विचचं प्रकरण तर त्याहून भारी. मागची काच खाली जात नाही म्हटलं की मागच्या दाराचं बटण बदलणार. नाही चाललं तर मोटर. अहो, कितीतरी गाड्यांत मागच्या मोटरची वायर ड्रायव्हरच्या दारातल्या मुख्य स्विचमधून फिरून जाते. शिवाय दार आणि बॉडीमधल्या रबरी नळीतल्या वायरी उघडझाप होऊन आतून तुटतात. मोटरच्या प्लगवर बटण दाबून व्होल्टेज बघितलं की पाच मिनिटांत शोध अर्ध्यावर येतो. तिथे वीज पोचते? मग मोटर. नाही पोचत? मग मागे जा. यालाच आपण हापिसात बायनरी सर्च म्हणतो ना?

ब्लोअर फक्त शेवटच्या स्पीडला चालतो, बाकीच्या स्पीड मेल्या? साध्या एसीत त्याचा अर्थ मोटर ठणठणीत आहे. रेझिस्टर जळलाय, कारण शेवटची स्पीड रेझिस्टरला वळसा घालून जाते. हॉर्न, स्टिअरिंगवरची बटणं आणि एअरबॅगचा दिवा तिन्ही एकदम? तीन आजार नाहीत राव, तिघांची वाट एकच: स्टिअरिंगखालचा क्लॉक स्प्रिंग. (इथे मात्र घरी मल्टिमीटर खुपसू नका. एअरबॅगच्या सर्किटशी खेळ नको.)

आणि वायर नुसती ‘बीप’ करून तपासणं म्हणजे सर्व्हर पिंग होतो म्हणून ॲप चालतंय असं म्हणणं. वायरीतला एक धागा शिल्लक असला तरी बीप येतोच. ब्लोअरला २० अँपिअर लागतात असं धरा. खराब सांध्यात फक्त ०.१ ओहम अडथळा असेल तर २ व्होल्ट तिथेच खर्च होतात, आणि ४० वॉट उष्णता त्या प्लास्टिकच्या प्लगमध्ये. तो वितळतो तो यामुळे. म्हणून मोजायचं ते लोड चालू ठेवून. नाहीतर फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो, मग कुणीतरी हुशार फ्यूजच्या जागी तार लावतो, आणि तुम्ही बायका-पोरांना घेऊन त्याच गाडीतून कोकणात जाता.

स्कॅनर लावला म्हणजे निदान झालं, हाही एक भ्रम. पी०५३२ हा कोड म्हणतो की एसीच्या प्रेशर सेन्सरच्या सर्किटमध्ये सिग्नल कमी येतोय. सर्किटमध्ये! त्यात वायर, प्लग, अर्थ सगळं आलं. सेन्सर बदला असं तो कुठेही म्हणत नाही. स्टॅक ट्रेसची शेवटची ओळ म्हणजे बग नव्हे, हे तुम्हाला मी काय सांगणार :)

दोष सगळा गॅरेजवाल्याचा का? अजिबात नाही. त्याच्या जॉब कार्डावर पार्टचे पैसे असतात, पार्ट बसवण्याची मजुरी असते. विचार करण्याची ओळच नसते. एखाद्या वायरमनने दीड तास शोधून एक गंजलेला बोल्ट घासला आणि आठशे रुपये मागितले, की आपणच म्हणतो, “बदललं तर काहीच नाही, मग पैसे कसले?” हेच आपण, जे क्लायंटला ‘ॲनालिसिस’चे तास बिल करतो! ज्याला शोधण्याचे पैसे मिळत नाहीत तो बदलण्याचेच मिळवणार.

आणि हे फक्त खिशापुरतं नाही. आर-१३४ए हवेत सोडला तर शंभर वर्षांच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट उष्णता धरतो. ७०० ग्रॅम गॅस उडाला म्हणजे जवळपास एक टन कार्बन डायऑक्साइड, साधारण ४३० लिटर पेट्रोल जाळल्यासारखं. असले गॅस कमी करण्याची २०१६ ची किगाली दुरुस्ती भारताने २०२१ मध्ये स्वीकारली. २०३२ पासून कपात सुरू आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के. आणि इथे गळती न शोधता दर एप्रिलला नवीन गॅस!

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी तीनच गोष्टी करा. एक, लक्षण नीट सांगा: कधी होतं, कधी होत नाही, सोबत आणखी काय बंद पडतं. दोन, पार्ट बदलण्याआधी विचारा, “काय मोजलं आणि किती आलं?” आकडा नसेल तर चावी परत घ्या. तीन, ज्याने मोजून शोधलं त्याला, एकही पार्ट न बदलता, हसत पूर्ण पैसे द्या. ही तिसरी गोष्ट आपल्याला सगळ्यात जड जाते, आणि ती जमली नाही तर पहिल्या दोन फुकट आहेत.