घाटाखालचा मनी प्लांट

बुलडाणा जिल्ह्यात मनी प्लांट नसलेलं दुकान शोधायला निघालात तर दमाल. खामगावात चांदीच्या दुकानात तो आहे, चिखलीत कृषी केंद्राच्या गल्ल्यापाशी आहे, मेहकरला डॉक्टरांकडे नंबर लावून बसलेल्या लोकांच्या डोक्यावरही आहे. काचेची बाटली, तिच्यात हिरवट पडलेलं पाणी आणि खिळ्याखिळ्याला दोरा बांधत थेट लक्ष्मीच्या फोटोपर्यंत नेलेली वेल. मालकाला विचारा, तो सांगेल, ‘याले काहीच लागत नाही, पाणी टाकलं की झालं.’ मग त्याच वेलीकडे जरा निरखून बघा. खालची पानं गळालेली, मधला दांडा उघडा, शेंड्याला चार पानं आणि तीही टोकाला करपलेली. चटकन मरत नाही म्हणून तिच्याकडे कुणी बघतच नाही.

कारण विचारलं की सगळे उन्हाला बोल लावतात. आपल्याकडचा मे महिना, त्यात काय टिकणार! ऊन कडक आहे यात वाद नाही, पण घराच्या आत, भिंतीच्या आडोशाला ते पोचतं किती? माझं मत विचाराल तर आपल्याकडे घरातली वेल बहुतेक वेळा पाण्यानं मरते. टँकरची वाट बघणाऱ्या जिल्ह्यात हे बोलणं विचित्र वाटेल. पण पाणी किती घालायचं हे जो तो विचारतो, कुठलं घालायचं हे कुणी विचारत नाही.

जिल्हा एक असला तरी पाण्याची चव एक नाही. बुलडाणा शहर घाटावर, साडेसहाशे मीटरच्या आसपास उंचीवर. नळाला येळगाव धरणाचं, म्हणजे पैनगंगेचं पाणी. राजूर घाट उतरलात की मोताळा, मलकापूर लागतं आणि हवा लगेच अंगावर येते. पुढे पूर्णेच्या खोऱ्यात शिरलात की खारपाणपट्टा. अमरावती, अकोला आणि बुलडाणा अशा तीन जिल्ह्यांत तो पसरलाय. आपल्याकडे शेगाव, नांदुरा, संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांतली कितीतरी गावं त्यात येतात. नदीच्या गाळाच्या थरांत साठलेलं पाणीच खारं. बोअर कितीही खोल न्या, साबणाला फेस येत नाही की डाळ धड शिजत नाही.

माझी एक वहिनी संग्रामपूर तालुक्यात राहते. तिच्या ओसरीत मनी प्लांटची कुंडी टांगलेली आहे. मागे गेलो तेव्हा चहाच्या आधी तिनं ती दाखवली. ‘भाऊजी, रोज तं पाणी टाकतो मी याले. मंग काऊन वाळून राह्यला हा?’ मी कुंडी खाली उतरवून घेतली. काठावर पांढरा थर, नखानं खरवडला की पिठासारखा सुटत होता. मातीवरही तसाच. पानांची टोकं तपकिरी, आणि तपकिरी जिथे संपतं तिथे पिवळी कड. कूलरच्या जाळीवर दर उन्हाळ्यात जे चढतं, तेच कुंडीत चढलेलं. पाणी वेल पिते, थोडं हवेत उडून जातं, क्षार मात्र मागे उरतात. रोजच्या तांब्यागणिक ते साठत जातात. मग माती ओली असूनही मुळांना पाणी ओढता येत नाही, आणि जे थोडे क्षार वर चढतात ते पानाच्या टोकाशी जाऊन बसतात. म्हणून करपणं टोकापासून सुरू होतं. वहिनी जितकी माया करत होती तितकं मीठ वाढत होतं.

यात आपण दोन गोष्टींची भर घालतो, त्याही काटकसरीच्या नावाखाली. पहिली, कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी. वाया कशाला घालवायचं म्हणून ते झाडांना घालतात. पण कूलर दिवसभर पाणी उडवतो आणि क्षार टाकीतच ठेवतो. आपण वरून पुन्हा बोअरचंच भरतो. आठवड्याभरानं टाकीतलं पाणी मूळच्या पाण्याहून कितीतरी खारं झालेलं असतं. दुसरी गोष्ट आरओची. घरगुती यंत्र एक लिटर शुद्ध पाणी द्यायला साधारण दोन-तीन लिटर पाणी नळीतून बाहेर सोडतं. फरशी पुसायला, संडासात टाकायला ते चालेल. कुंडीत नको, कारण तुमच्या ग्लासातून काढलेले क्षार त्यातच गेलेले असतात.

मग घालायचं काय? वान धरणाच्या योजनेचं पाणी नळाला येतं त्या दिवशी एक बादली वेलीसाठी बाजूला ठेवा. पावसाळ्यात पत्र्याची पन्हळ गळते तिथे टाकी लावा. पहिला पाऊस छप्पर धुऊन जाऊ द्या, नंतरचा भरा. एसी असेल तर त्याच्या नळीतून ठिबकणारं पाणीही चालतं, ते हवेतल्या वाफेचं असतं आणि त्यात क्षार जवळजवळ नसतातच. कुंडीत आधीच मीठ चढलं असेल तर ती मोरीत ठेवून गोड्या पाण्यानं धुऊन काढा. कुंडीच्या मापाच्या दुप्पट-तिप्पट पाणी वरून ओतायचं आणि खालून पूर्ण निथळू द्यायचं. वहिनीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, ‘म्हंजे याले आंघोळच घालाची!’ तसंच समजा. महिन्यातून एकदा पुरे. बशीत साचलेलं पाणी मात्र फेकून द्यायचं, नाहीतर तेच मीठ पुन्हा वर चढतं.

घाटावरच्या मंडळींनी सुटलो म्हणून खूश व्हायचं कारण नाही. तिथे घात होतो तो मातीनं. शेतातली काळी माती आणून कुंडी भरणं हा आपला रिवाज. कपाशीला, सोयाबीनला ती सोनं असेल, पण कुंडीत तिचा चिखल होतो. पाणी धरून ठेवते, वाळली की आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटते, मग पाणी फटीतून सरळ खाली उतरतं आणि मधला गोळा कोरडाच राहतो. एक वाटा काळी माती, एक वाटा जाडी वाळू किंवा बारीक मुरूम, एक वाटा चाळलेलं शेणखत नाहीतर गांडूळखत, एवढं पुरतं. कोकोपीट मिळालं तर उत्तम. पाणी घालण्याआधी मातीत बोट खुपसायचं. दोन पेरं आत कोरडं लागलं तरच घालायचं. मे महिन्यात घाटाखाली तीन-चार दिवसांनी वेळ येईल, डिसेंबरात बुलडाण्याला आठ-दहा दिवसांनी. रोज सकाळी देवपूजेसोबत तांब्याभर ओतण्याचा नेम असेल तर तो तुळशीपुरता ठेवा.

बाटलीतल्या वेलीचं वेगळंच. तिथे मुळं कुजत नाहीत, पण साचलेल्या स्वच्छ पाण्यावर डेंग्यूच्या डासाचा डोळा असतो. घरोघरी येणाऱ्या आशाताई कूलर, रांजण, फ्रिजमागचा ट्रे बघतात आणि मग मनी प्लांटची बाटलीही उचलून उजेडात धरतात. ‘काका, यात अळ्या आहेत,’ असं त्यांनी ऐकवलेले गृहस्थ आमच्या गल्लीत कमी नाहीत. अंडं ते डास हा प्रवास आठ-दहा दिवसांत उरकतो, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा. बाटली नुसती रिकामी करून भागत नाही. अंडी काचेला आतून चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात, तेव्हा ब्रशनं घासायची. पारदर्शक बाटलीऐवजी तपकिरी वापरली तर शेवाळही धरत नाही.

वेलीला सावलीत कसं वाढवायचं, हे शिकायला आपल्याला पुण्या-मुंबईच्या नर्सरीत जायला नको. सातपुड्याच्या पायथ्याला, अकोट-अंजनगाव सुर्जीच्या पट्ट्यात बारी समाजानं पिढ्यानपिढ्या नागवेलीचे पानमळे राखले. नागवेल ही दमट मुलखातली वेल, तिला विदर्भाचा उन्हाळा सोसवणारा नाही. या लोकांनी शेवरी, हादगा, पांगारा, शेवगा लावून सावली उभी केली, कडेनं आडोसा बांधून गरम वारा अडवला आणि पाणी थोडं थोडं पण वेळेवर दिलं. आपल्या वेलीलाही तेच हवं. खिडकीजवळचा उजेड, पण पश्चिमेचं ऊन अंगावर नको. कूलरच्या खोलीतला ओलावा चालतो, त्याचा झोत तोंडावर नको. फार अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवली तर पानांवरचे पिवळे-पांढरे पट्टे जातात आणि ती नुसती हिरवी होते.

पानमळ्यातली आणखी एक रीत उचलण्यासारखी आहे, ती म्हणजे उतरण. वेल आधाराच्या टोकाला पोचली, खालचा दांडा उघडा पडला की ती सोडवून खाली घेतात, वेटोळं करून मातीत दाबतात आणि शेंडा पुन्हा वर चढवतात. दाबलेल्या पेरांना नवी मुळं फुटतात. दुकानातल्या त्या उघड्या-बोडक्या मनी प्लांटला हाच इलाज. लांबट दांडा कुंडीतच गोल फिरवा, पेरं मातीला टेकवा, वरून तारेची पिन किंवा खडा ठेवा. छाटायचीच असेल तर पेराच्या खाली छाटा. पेर नसलेल्या तुकड्याला मुळं फुटत नाहीत, मग तो बाटलीत कितीही दिवस बुडवून ठेवा.

आणि तिला चढू द्या. ही मूळची झाडावर चढणारी वेल, ताहितीशेजारच्या मोरेआ बेटावरची. खाली लोंबत राहिली की पानं लहान होत जातात, आधार मिळाला की मोठी होतात. मुंबईत झाडांच्या बुंध्यांवर चढलेली तिची सुपाएवढी, फाटलेली पानं पाहिली की हीच ती बाटलीतली, यावर विश्वास बसत नाही. बाजारातली मॉस स्टिक महाग पडते. आपल्याकडे पऱ्हाट्या काय कमी आहेत? चार सरळ पऱ्हाट्या एकत्र बांधायच्या, त्यावर जुनं बारदान गुंडाळायचं, कुंडीत रोवायचं आणि बारदान ओलं ठेवायचं, अर्थात गोड्या पाण्यानं. पेरांची मुळं आपोआप त्यात घुसतात.

एक सावधगिरी. मनी प्लांट अळू-सुरणाच्याच कुळातला आहे आणि खाज आणणारे तेच सुईसारखे स्फटिक त्याच्या पानांत असतात. अळू आपण चिंच घालून शिजवतो, हा खायचा नाहीच. रांगतं मूल किंवा मांजर असेल तर वेल उंचावर ठेवा. हवा शुद्ध होते म्हणून घेणार असाल तर तेही डोक्यातून काढा. १९८९ मध्ये नासानं बंद पेटीत जे प्रयोग केले, त्यांचा तो बोलबाला. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी जुने प्रयोग पुन्हा तपासले, तेव्हा खिडकी उघडून जेवढी हवा खेळते तिची बरोबरी करायला चौरस मीटरला किमान दहा झाडं लागतील, असं निघालं. मग बसायला जागा कुठे उरली?

राहता राहिली ती चोरून आणण्याची समजूत. मनी प्लांट मागून आणला तर लाभत नाही, गुपचूप कांडी मोडून आणावी, असं घरोघरी सांगतात. गंमत अशी, की या वेलीला फूल जवळजवळ येतच नाही. फुलण्यासाठी लागणारं जिबरेलिन नावाचं संप्रेरक तिला स्वतःला तयार करता येत नाही, हे २०१६ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं. फूल नाही म्हणून बी नाही. एका हातानं तोडायची आणि दुसऱ्यानं लावायची, एवढ्यावरच ती निम्म्या जगात पोचली. तेव्हा कांडीची देवघेव झालीच पाहिजे. फक्त चोरून आणणाऱ्याला ती कशावर वाढली हे कळायला मार्ग नसतो. त्यापेक्षा उजळ माथ्यानं मागा, दोन पेरं जास्तच मिळतील, आणि घेताना विचारा, ‘ताई, तुमच्याकडे पाणी कुठलं?’